बेळगावचा पाऊस, दोन पोरं आणि एक टॅबलेट

विषय: जूनमध्ये बेळगावला चाललोय, पोरांसाठी टॅबलेट कुठला न्यावा?

नमस्कार मंडळी,
शाळा सुटली की आम्ही दोन महिने बेळगावला चाललोय. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सहाचा. माहेर अनगोळला, सासर खानापूर तालुक्यात पार जंगलाकडेला. आमच्या न्यू जर्सीच्या सुट्ट्या म्हणजे तिकडचा ऐन पावसाळा, आणि भावाची पोरं तेव्हा शाळेत असतात, म्हणजे चार वाजेपर्यंत घरात आई एकटी आणि ही दोघं. मागच्या खेपेला दोघांनी आईचा फोन असा धरून ठेवला की तिच्या बहिणीचा फोन आला तरी तिला घेता येईना, शेवटी मावशी घाबरून रिक्षा करून घरी आली. म्हणून म्हटलं दोघांत मिळून एक टॅब न्यावा. इथं ॲमेझॉनच्या फायरचा तो जाड फोमच्या कव्हरवाला लहान मुलांचा टॅब बघितला, दोन वर्षांत फुटला तर बदलून देतात. नवरा म्हणतो घरात जुना आयपॅड पडलाय तोच ने. आई मराठी छान वाचते, इंग्रजी नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, बॅगा भरायच्या आत ठरवायचंय.

---

उत्तर: टिळकवाडीहून

ताई, मी तिकडच्या मराठी मंडळात अकरा वर्षं होतो, आता परत बेळगावात येऊन चार वर्षं झाली, खरं मंडळाची ही ईमेल लिस्ट काही सोडवत नाही. तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो कारण आमच्याकडं हेच सगळं होऊन गेलंय.

फायर मजबूत आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खरं त्यात गूगल प्ले नसतंय, ॲमेझॉनचं आपलं वेगळं ॲपस्टोअर असतंय, त्यामुळं मराठीतलं जे काय हवंय ते त्यात मिळतंय का हे आधी तिथंच बघून घ्या. आणि बदलून देणार म्हणजे तिकडं देणार, इथं अनगोळात फुटला तर तुम्ही काय करणार? आमच्या नातीचा टॅब (कंपनीचं नाव घेत नाही) दुसऱ्याच आठवड्यात शहाबादी फरशीवर पडला. खडेबाजारात चार दुकानं फिरलो, सगळ्यांचं एकच, हा मॉडेल हिकडं येत नाही, ग्लास कुठनं आणून घालू. नात परत जाईपर्यंत तो कपाटात पडून होता आणि पोरगी रोज कपाटाचं दार उघडून बघायची, मला बघवायचं नाही ते.

तुमच्या यजमानांचा जुना आयपॅड चालत असेल, अपडेट येत असतील, तर तोच आणा. त्यात गाइडेड ॲक्सेस म्हणून एक सोय आहे, सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली. ते चालू केलं की एकदा लावलेल्या ॲपमधनं पोराला बाहेर पडता येत नाही, वरचं नाहीतर होमचं बटण तीनदा दाबून आकडा घातला तरच सुटतंय. किती मिनिटं चालायचं तेही त्यातच लावता येतंय आणि त्याला नेट लागत नाही. तुमच्या आईंना एवढंच शिकवा, तीनदा दाबायचं आणि आकडा. आकडा त्यांच्याजवळच राहू दे, नातवाला कळता कामा नये. टॅबची भाषाही जमेल तेवढी मराठी करून द्या.

नवीनच घ्यायचा ठरला तर आठ-नऊ इंची अँड्रॉइड घ्या, साडेतीन वर्षांच्या पोरीला अकरा इंची अर्ध्या किलोचा पेलत नाही. रॅम 4 जीबी तरी असू दे, स्टोरेज 64 च्या खाली नको, त्यातलं बरंच सिस्टिमच खाते. आणि कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा स्वस्तातला दिसला तर दुकानातच प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमध्ये अबाउटखाली सर्टिफाइड लिहिलंय का बघा, नसेल तर हातातला खाली ठेवा. मुलाचं खातं गूगलच्या फॅमिली लिंक ॲपवर काढा. रोजची वेळ, रात्रीचं बंद, कुठलं ॲप टाकायचं हे सगळं तुमच्या फोनवरनं चालतंय, आणि टॅबला नेट नसलं तरी तुमच्या फोनवरचा कोड घालून कुलूप निघतंय. गूगल प्लेच्या खात्याचा देश मात्र दोन महिन्यांसाठी बदलत बसू नका, तो वर्षातनं एकदाच बदलता येतोय.

आणि सगळ्यात मोठं, पावसात खानापूरकडं करंट गेला की राउटरही गेला, रेंज तर जंगलाकडं कधी असते कधी नसते. जे काय बघायचं-वाचायचं ते इथनंच, म्हणजे तुमच्या तिथनंच, उतरवून घेऊन या. चार्जरवर 100-240 लिहिलेलं असलं की पुरे, फक्त पिनचं कन्व्हर्टर घ्या.

---

उत्तर: टॅब नकोच

मी जरा वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. साडेतीन वर्षांच्या मुलीला तिचा म्हणून टॅब देऊच नये असं मला मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोन ते पाच वर्षांना एक तास आणि पाच ते दहाला दोन तासांच्या आत असंच आहे. सकाळी आठ ते चार म्हणजे आठ तास, त्यातला एक तास टॅब, मग उरलेल्या सातांचं काय, त्याचा विचार आधी व्हायला हवा. माझी मुलं निपाणीला आजोळी गेली की आजीबरोबर शेंगा फोडत बसतात, तास तास.

---

उत्तर: खानापूरच्या बाई

बाळा, मी तिकडच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, सध्या लेकीकडे आलेय. टॅब कुठला ते वरच्या मंडळींनी सांगितलंच, मी आत काय असावं ते सांगते.

अक्षरं गिरवायची ॲप्स घेताना ल आणि श नीट बघ. पुष्कळ ॲप्समध्ये हिंदी वळण असतं, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श नसतो, आणि ळ तर कित्येकदा नसतोच! मुलाने ळ पाहिलाच नाही तर तो बेळगाव कसं लिहिणार, अनगोळ कसं लिहिणार? सहा वर्षांचं पोर ॲपवर एक ल गिरवतं आणि आजीच्या हातचा दुसराच बघतं, की गोंधळतं. गिरवायला मी तर पाटीच देईन, बोटाने काच घासून हाताला वळण लागत नाही.

वाचायला प्रथम बुक्स प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट बघ. फुकट आहे, 2015 पासून आहे, गोष्टींच्या चार पायऱ्या केल्यात, आणि गोष्टी उतरवून ठेवता येतात. मराठीत आहेत तशा कानडीतही आहेत, कितीतरी गोष्टी दोन्हींत सापडतात. तुमच्या गल्लीत शेजारची पोरं कानडी बोलत असतीलच, एकच गोष्ट आईने मराठीत वाचायची आणि शेजारच्या अक्कांनी कानडीत, असं मी वर्गात केलंय, पोरं चित्रावर बोट ठेवून दोन्ही शब्द म्हणतात. कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची पहिलीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात, भावाची पोरं तीच शिकत असतील तर चारनंतर सगळे एकत्र बसतील.

---

उत्तर: ठरलं

सगळ्यांचे मनापासून आभार. फायर नाही घेत. जुना आयपॅड काल काढून बघितला, अपडेट येतायत, तोच नेणार, नवीन जाड कव्हर आणि काच लावून. तीस गोष्टी उतरवल्या, वीस मराठी, दहा कानडी. दोघांना जेवणानंतर एकत्र एकच तास आणि तोही आईच्या शेजारी बसून, असं ठरवलंय. वहिनी, राग कसला, शेंगांचं आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली पोतंभर आणून ठेवते.

काका, तीनदा बटण दाबायचं मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं खरं, पण तिला हातात धरल्याशिवाय जमणार नाही. मी पंधरा दिवसांनी खानापूरला जाणार, तेव्हा ती एकटीच असेल. टिळकवाडीहून अनगोळ जवळच, एखाद्या संध्याकाळी येऊन तिच्याकडून दोन-चारदा करून घ्याल का? आणि बाई, गणपत गल्लीत दगडी पाटी अजून मिळते का, दोन हव्यात.