दुर्बिणीवर दव धरतंय, शेडमध्येही ओल. काय करावं?

मळेवाला
नमस्कार मंडळी. नारायणगावच्या अलीकडे आमचा मळा आहे. उन्हाळ्यात बांधाच्या कडेला १० बाय १० ची पत्र्याची शेड उभारली, छत रुळांवर सरकतं. आत ८ इंची श्मिट-कॅसग्रेन (आरशाची दुर्बीण, नळीच्या तोंडाला काच). दिवाळीपासून रोज एकच रड. आठला बसावं, दहापर्यंत शनी झकास, साडेदहाला त्याच्याभोवती दुधाळ वलय, अकराला सगळं गायब. टॉर्च मारला तर पुढची काच घामाघूम. मऊ फडक्याने पुसतो, दहा मिनिटांत पुन्हा तेच. शेजारच्या उसाला पाणी रात्रीच (लाईटच रात्रीची!), त्यामुळे ओलीला तोटा नाही. सकाळी बघावं तर पत्र्याला आतून थेंब लोंबत असतात.
बजेट पाच हजार. हीटर घेऊ, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) घेऊ, की दोन्ही?

निशाचर_७
आधी ते पुसणं बंद करा. काचेवरची धूळ आणि फडकं मिळून कोटिंगला पॉलिश पेपर मारताय.
दव वरून पडत नाही. काच उघड्या आभाळाकडे तोंड करून उष्णता सोडत बसते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. अंगणातली स्कूटर सकाळी ओली, पोर्चमधली कोरडी, हवा मात्र तीच. ढोबळ हिशेब असा: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा. २० अंश आणि ८५ टक्के असेल तर हवेपेक्षा फक्त ३ अंश गार झालेल्या काचेवर दव धरणार. तेवढी ती तासाभरात होते.
म्हणून पहिला खर्च दवटोपीचा. योगा मॅट कापून नळीभोवती गुंडाळा, पुढे ३० सेंमी तरी यायला हवी (व्यासाच्या दीडपट). आतून काळं कापड चिकटवा. काचेला दिसणारं आभाळ कमी झालं की गार होणंही मंदावतं.

सोल्डरकाका
टोपीने तास-दोन तास मिळतील, उसाशेजारी रात्र निघणार नाही. पट्टी-हीटर घरी करा. ४७० ओहमचे अर्ध्या वॅटचे २४ रेझिस्टर घ्या. दोन समांतर तारांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे दर ३ सेंमीवर जोडा, ७२ सेंमीची पट्टी होते, ८ इंची नळीभोवती बरोबर बसते. १२ व्होल्टला साधारण ०.६ अँपिअर, म्हणजे सात-साडेसात वॅट. वरून कापडी पट्टी, मधे २ अँपिअरचा फ्यूज. पट्टी काचेच्या कडेमागे नळीवर बांधा. कमी-जास्त करायला एलईडी पट्ट्यांचा डिमर लावा, तो चालतो.
दोन गोष्टी. काच हवेपेक्षा गार होऊ द्यायची नाही, बस. तापवलीत तर शनी उकळत्या पाण्यातून दिसेल. आणि हीटर दव धरायच्या आधी सुरू करा. धरलेलं दव उडवायला ही पट्टी तोकडी पडते, तेव्हा मग हेअर ड्रायर, मंद आणि लांबून.
बॅटरी: आठ तासांना ५ अँपिअर-तास लागतील. यूपीएसमधली ७ वाली लावू नका, लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते.

रत्नांग्रीकर
सगळे काचेत अडकलेत, मला पत्र्याच्या थेंबांची काळजी वाटते. शेडला जमीन कसली? दिवसा दुर्बिणीवर काय झाकता?

मळेवाला
मुरूम टाकून धुमसलंय. वर ताडपत्री, दोरीने घट्ट.

रत्नांग्रीकर
मग चोर घरातच आहे! मुरमातून रात्रभर वाफ येते, गार पत्र्याला लागून ठिबकते. ताडपत्री उरलेली ओल कोंडते. शेततळ्याच्या कागदाचा (जाड प्लास्टिकचा) तुकडा मिळाला तर मुरमावर अंथरा, कडा भिंतीवर वीतभर चढवा, वर फरशी किंवा पेव्हर. पत्र्याला आतून थर्माकोल. एका बाजूला खाली आणि समोर वर जाळी, म्हणजे वारा खेळेल. ताडपत्री काढून सुती चादर घाला.
डिह्युमिडिफायर विसरा. फटी असलेल्या शेडमध्ये तो अख्खा जुन्नर तालुका वाळवत बसेल.
पावसाळ्यात नळी काढून घरी न्या. गिरवलीची आयुकाची (पुण्याची खगोलसंस्था) २ मीटरची दुर्बीणसुद्धा पावसाळ्यात निरीक्षणं थांबवते, आपण कोण? हवाबंद डब्यात सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करा. स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. मी एका श्रावणात आयपीस (डोळा लावायची भिंगं) ओलेच बंद करून ठेवले, गणपतीला उघडले तर दोघांत बुरशीची जाळी.

निशाचर_७
+१. म्हणूनच काम संपल्यावर लगेच झाकण लावायचं नाही. हीटर अर्धा तास चालू ठेवा, काच सुकली की मगच.
अवांतर: आयपीस खिशात ठेवा, आणि त्यावर तोंडाची वाफ घालून पुसायची सवय सोडा. सगळ्यांना असते.

मळेवाला
(तीन आठवड्यांनी) कागद अंथरला, फरशी बसवली, जाळ्या लावल्या. थेंब तिसऱ्या दिवशी बंद! थर्माकोल अजून व्हायचाय. टोपी आणि पट्टी दोन्ही केलं, डिमर निम्म्यावर. काल पावणेतीनपर्यंत बसलो, मृगातला तेजोमेघ शेवटपर्यंत स्वच्छ, भोवती पंप चालू असतानाही. फक्त फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) बाराला आंधळा झाला, त्याचं कोणी बोललंच नव्हतं. त्याला किती रेझिस्टर?

सोल्डरकाका
तेच ४७० चे पाच, दीड वॅट होतात. त्याच डिमरवरून काढा.