बिल्डिंगमधली चार पोरं एकदम डिग्रीला होती, एकाचा पेपर राहिलाय. पार्टी कशी करावी आणि गिफ्ट काय द्यावं?

कोथरूडची_मावशी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची कोथरूडला जुनी सोसायटी आहे, तीन मजली, लिफ्ट नाही पण माणसं एकमेकांना धरून आहेत. यंदा आमच्याकडची चार मुलं एकदम शेवटच्या वर्षाला होती, सगळी एकाच पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून मोठी झालेली. एक मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, तिला बंगलोरला नोकरी लागलीये. एक बी.कॉम. झाला, तो सीए इंटरचा अभ्यास करतोय. एक बी.एससी. नर्सिंग झाली. आणि चौथा मेकॅनिकलचा, त्याचा शेवटच्या सेमचा एक पेपर राहिलाय.

सगळ्यांचं म्हणणं आहे की घरटी वर्गणी काढून चौघांसाठी एकत्र जेवण करूया. पण चौथ्याची आई म्हणते आम्हाला यातून वगळा, आम्ही त्या दिवशी गावाला जाऊ. हे ऐकल्यापासून मला काही सुचेना, कारण तो मुलगा माझ्या डोळ्यासमोर वाढलाय, कोणाचा सिलिंडर वर न्यायचा असेल की पहिला धावतो. त्याला वगळून पार्टी करायला मन होत नाही आणि त्याला बळंच बसवून चारचौघांत "तुझं काय झालं रे" हे पण नको.

दुसरं म्हणजे गिफ्ट. प्रत्येकी दोन-अडीच हजार जमतील. सगळ्यांना सारखं द्यावं की ज्याला जे लागतं ते? आणि माणसं साधारण साठ होतील, गच्चीवर करावं असं ठरतंय, जुलैचा कुठलातरी रविवार. जेवणाचं पण सुचवा.

केटरिंगवाली_ताई

मावशी, गच्ची विसरा. जुलैत पुण्यात गच्चीवर मांडव म्हणजे एक सर आली की सगळ्यांची पळापळ. तुमचं पार्किंग आहे ना, गाड्या त्या संध्याकाळपुरत्या बाहेर काढायला लावा आणि तिथेच टेबलं लावा, वर स्लॅब आहे तर पावसाची चिंता नाही, फक्त पाणी आत वाहून येतं त्या बाजूला ताटं ठेवू नका. आणि तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय उघडा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद असतात, पेठेतून कोणी यायचं असेल तर हाल होतील. आषाढी एकादशीला निम्म्यांचा उपास. श्रावण लागायच्या आत उरकलंत तर बरं, नाहीतर कोणाचा सोमवार कोणाचा शनिवार असं करत मेनू ठरतच नाही.

जेवण साधं ठेवा पण गरम ठेवा. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. बाकी पदार्थ आहेत म्हटल्यावर किलोभर तांदळात दहा-बारा माणसं होतात, म्हणजे साठ जणांना सहा किलो धरा. जिलबी माणशी शंभर ग्रॅमच्या हिशोबाने सहा किलो. मुलांचीच पार्टी आहे तर पावभाजीचा तवा लावला तरी चालेल, पण मग मसालेभात कमी करा, दोन्ही भरपूर केलं की उरतं. आणि बरेच केटरर पन्नास ताटांच्या खाली ऑर्डर घेत नाहीत, तुमची साठ आहेत त्यामुळे अडचण येऊ नये, फक्त ताटाच्या भावात वाढपी आणि भांडी धरलीयेत का ते आधी विचारून घ्या. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाला बंद, तो कायदाच आहे.

एक_विषय_बाकी_होता

मी त्या चौथ्या मुलाच्या जागी होतो म्हणून मुद्दाम लिहितोय, लांबेल पण वाचा. माझा पण शेवटच्या सेमला एक विषय राहिला होता आणि आमच्या वाड्यात बाकीच्यांसाठी पेढे वाटले, मला कोणी काही बोललं नाही, सगळे फार जपून वागले, माझ्यासमोर रिझल्टचा विषयच काढायचे नाहीत. तेच जास्त लागलं. मी आलो की बोलणं थांबायचं. त्यापेक्षा कोणी सरळ विचारलं असतं "कुठला पेपर गेला रे, पुढची परीक्षा कधी" तर मला मोकळं वाटलं असतं, कारण एक विषय राहिला म्हणजे चार वर्षं वाया गेली असं काही नसतं, पुढच्या वेळी सुटतो आणि डिग्री मिळते, माझीही मिळाली.

म्हणून मावशी, त्याच्या आईशी बोलू नका, त्याच्याशी बोला. एकट्याशी, चहाला घरी बोलवून. सरळ सांगा की तू पाहिजेस, पण यायचं की नाही ते तू ठरव. तो नको म्हणाला तर खरंच सोडून द्या, दोनदा आग्रह नको. हो म्हणाला तर पार्टीचं नाव बदला. ग्रॅज्युएशन पार्टी म्हणूच नका, फ्लेक्स नको, नावापुढे टक्के नको, पॅकेज तर अजिबातच नको. बंगलोरच्या मुलीचं पॅकेज कोणीतरी विचारणारच आणि मग सीएवाल्याचं आणि नर्सिंगवालीचं तोंड उतरणार, हे फक्त त्या एकाच मुलाबद्दल नाहीये. "आपली चार पोरं" एवढंच म्हणा. काळा गाऊन आणि चौकोनी टोपी भाड्याने आणायचं कोणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. फेटेवाला बोलवा, चौघांनाही फेटे बांधा, बिल्डिंगमधल्या आज्ज्या औक्षण करतील, फोटो पण छान येतात आणि त्यात पास-नापास काही दिसत नाही.

गिफ्ट त्यालाही द्या, तेवढ्याच किमतीचं. "पुढच्या वेळी पास हो मग देऊ" असं चुकूनही कोणाच्या तोंडून जाऊ देऊ नका.

वॉर्डातली_सिस्टर

नर्सिंगच्या मुलीला मनगटी घड्याळ देऊ नका, सगळे तेच देतात. बऱ्याच वॉर्डात हात कोपरापर्यंत मोकळे ठेवावे लागतात, घड्याळ काढूनच ठेवायला लागतं. पण नाडी मोजायला सेकंद काटा तर लागतोच. त्यासाठी युनिफॉर्मला छातीशी पिनेने अडकवायचं छोटं घड्याळ मिळतं, ते उलटं लटकतं, म्हणजे मान खाली घातली की आकडे आपल्याला सरळ दिसतात. सिलिकॉनचं कव्हर असलेलं घ्या, पुसता येतं. ते फार महाग नसतं, उरलेल्या पैशात चांगले बूट, पण माप तिला विचारून, पुढे बंद असलेले, तळवा न घसरणारा. आठ-आठ तास उभं राहायचं असतं, पहिल्या महिन्यातच पाय बोलायला लागतात. तिला नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पण करायचं असेल, त्याच्या फीला हातभार लावलात तरी ती खूश होईल.

अभ्यासिका_ते_ऑफिस

सीएवाल्या मुलाला पुस्तकं अजिबात घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात गेलं की हौसेने गठ्ठा घ्यावासा वाटतो पण इन्कम टॅक्सचं पुस्तक त्याच्या अटेम्प्टला लागू असलेलंच पाहिजे, दरवर्षी कायद्यात बदल होतात, जुनं गळ्यात पडलं तर नुसती रद्दी. आणि कुठल्या सरांचं वापरायचं हे त्याचं ठरलेलं असतं. त्यापेक्षा अभ्यासिकेची फी भरा. नवी पेठ, सदाशिव पेठेत गल्लोगल्ली आहेत, जागा राखीव, एसी, वायफाय, लॉकर. तुमच्या बजेटमध्ये एक-दोन महिने सहज निघतील. घरी पाहुणे, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, यातून सुटका हेच त्याला आत्ता सगळ्यात जास्त लागतं. मेकॅनिकलवाल्याला पण हेच देऊ शकता, पण त्याला विचारूनच, नाहीतर "अभ्यास कर" असा टोमणा वाटेल.

पाकिटं येणारच, तर एक सांगून ठेवते. मामा, मावशी, काका, आत्या, आजी-आजोबा यांनी दिलेल्या पैशांवर टॅक्स नाही, कितीही असोत. पण शेजारी, मित्र, ओळखीचे यांच्याकडून वर्षभरात मिळून ५०,०००च्या वर गेले तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात, नुसती वरची नाही. सोसायटीच्या दोन-अडीच हजाराला काही होत नाही, निवांत रहा. कोणी आजोबा मोठी रक्कम देणार असतील तर पीपीएफ उघडून द्यायला सांगा, वर्षाला कमीत कमी ५०० भरले तरी खातं चालू राहतं आणि १५ वर्षांची सवय लागते.

जुन्या_वाड्यातला

बंगलोरच्या मुलीला डिनर सेट किंवा शोपीस देऊ नका, बॅगेत काय काय नेणार ती. विमानाने गेली तर बहुतेक तिकिटांवर चेक-इनला १५ किलोच मिळतात. छोटा कुकर सगळ्यांना सुचतो पण पीजीत स्वयंपाक करू देतात का ते आधी विचारा. चांगली केबिन बॅग द्या, किंवा फॉर्मल शर्टाचं कापड आणि शिलाई.

आणि चौघांना सारखी अशी एकच गोष्ट द्यायची असेल तर कागदपत्रांची चेन असलेली मोठी फाइल, आत प्लॅस्टिकचे कप्पे असलेली. दहावीपासूनच्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, पुढे पदवी प्रमाणपत्र. एकच विनंती, कौतुकाने कोणाचंही सर्टिफिकेट लॅमिनेट करून देऊ नका. परदेशी जायची वेळ आली की मूळ कागदावर शिक्के मारून घ्यावे लागतात, लॅमिनेशन असलं की तिथे अडतं, आणि ते काढायला गेलं तर कागद फाटतो.

कोथरूडची_मावशी

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत. मी काल त्याला चहाला बोलावलं. आधी गप्प होता, मग म्हणाला येतो, पण स्टेजवर कोणी बोलवू नका. मी म्हटलं अरे स्टेजच नाहीये. गिफ्टचं विचारलं तर म्हणाला हेल्मेट पाहिजे, जुन्याचा बेल्ट तुटलाय. आईला तोच समजावणार आहे. गाऊन कॅन्सल, फेटे नक्की. पॅकेजचं प्रत्येक घरी जाऊन सांगायचं मी अंगावर घेतलंय.

ताई, एक राहिलं, मुलं मस्तानी मागतायत. जिलबी ठेवून मस्तानी पण जमेल का?

केटरिंगवाली_ताई

जमेल पण मग जिलबी चार किलोवर आणा. आइस्क्रीम जेवणाच्या ऐन वेळेला आणायला सांगा, घरच्या फ्रिजच्या कप्प्यात साठ जणांचं मावत नाही. आणि मठ्ठा ठेवाच, म्हातारी माणसं रात्री मस्तानी घेत नाहीत. हेल्मेटवर आयएसआय मार्क बघून घ्या, आणि त्याला सोबत न्या, डोक्यात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.