एमजी टीडी (१९५१), वेंगुर्ल्याजवळ : पूर्ण रिस्टोरेशन, क्रम काय ठेवावा?

खाडीकाठ
मांगरात बरीच वर्षं उभी असलेली टीडी (एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) आहे. १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन जाम. दोन्ही एसयू कार्बोरेटर जागेवर. चेसिस वरून बरी दिसते, पण टबच्या (बॉडीचा दारांसकट बसायचा भाग) लाकडाला वाळवी लागली आहे, उजवं दार खाली बसलंय आणि तळाच्या फळ्या गेल्यात. गॅरेजवाले म्हणतात, आधी बॉडी उतरवा आणि चेसिस ब्लास्ट (कणांचा जोरदार मारा करून गंज आणि रंग काढणं) करून घ्या. मूळ सांगाडा अ‍ॅश या विलायती झाडाच्या लाकडाचा, ते इथे मिळत नाही. सागवान चालेल का?

रंधा
बॉडी आत्ता उतरवू नका. टीडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर मुडपून खिळ्यांनी बसवलेला असतो, आकार धरून ठेवतं ते लाकूड. ते कुजलेलं असताना टब उचलला की तो पिळतो आणि मग दारांच्या फटी काही केल्या जुळत नाहीत.

या गाडीची दारं मागच्या खांबावर टांगलेली असतात. दार बसलं म्हणजे त्या खांबाचा तळ आणि त्याखालची आडवी पट्टी आधी टोचून बघा, कुजकं बहुतेक तिथेच निघेल. काही सोडवण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीचे कर्ण मोजा, फटींची मापं वर, मधे, खाली लिहून ठेवा आणि टेप धरूनच फोटो काढा. नंतर दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, दोन्ही बाजूंना, चौकोनी लोखंडी पाइपचे आधार बोल्टने कसा. टब चेसिसवरच ठेवून एका वेळी लाकडाचा एकच तुकडा बदला. जुना तुकडा अर्धा खाल्लेला असला तरी फेकू नका, सुताराला तोच नमुना.

साग चालेल. लवचीकपणात अ‍ॅश सरस, पण वाळवी आणि ओलीपुढे साग जास्त टिकतो. मुरलेलाच घ्या, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास. सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे सांधा उखडतो. चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि इपॉक्सीच वापरा. तुकड्यांची टोकं पत्रा चढवण्याआधी सील करा, पाणी तिथूनच आत शिरतं. पितळी स्क्रू पत्र्यातून घालू नका. खारट ओलीत पितळेला लागून असलेला पोलादी पत्रा लवकर गंजतो. तळाला आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय.

लेथ_रत्नागिरी
इंजिनाला स्टार्टर लावू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ३० मिली ओता. जागा मोकळ्या हवेची हवी, जवळ ठिणगी नको. आठवडाभर रोज हँडलने पुढे-मागे हलका जोर द्या. सुटलं तरी लगेच चालू करायचं नाही. हेड आणि संप (इंजिनाखालचं तेलाचं पात्र) उघडा, गाळ काढा. क्रँकला भेगा आहेत का ते तपासूनच ग्राइंडिंगला द्या.

सगळ्यात जास्त नुकसान आट्यांचं होतं. एक्सपीएजीचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) पान्याची. शिवाय ८ मिमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी असतो, बाजारातला साधा एम८ असतो १.२५ चा. तो दोन आटे जातो, मग अडतो, आणि जोर केला की ब्लॉकमधले आटे गेले. जुना प्रत्येक बोल्ट जागेच्या नावानिशी पिशवीत ठेवा.

एग्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या, सीटची झीज रोखणारं शिसेयुक्त पेट्रोल २००० पासून बंद आहे. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणाऱ्याच नळ्या वापरा, जुनं रबर त्यात फुगतं आणि सुटतं.

खारा_वारा
ब्लास्टिंग सांगाडा पक्का झाल्यावरच. किनाऱ्याची वाळू अजिबात नको. तिच्यात मीठ असतं, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसं निकामी करते. वाळूऐवजी गार्नेट किंवा कॉपर स्लॅगचे कण घ्या.

त्याआधी चेसिस गोड्या पाण्याने भरपूर धुवा. पेटीसारख्या बंद भागांत नळी घालून आतूनही, आणि पूर्ण वाळू द्या. ब्लास्ट केल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढलाच पाहिजे. तासा-दोन तासांत तपकिरी ठिपके उमटले तर खड्ड्यांत मीठ राहिलंय. पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट करा. वरून रंग मारून ते झाकता येत नाही, वर्षभरात फोड येतात. हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. बॉनेट आणि दारांचा पत्रा मात्र ब्लास्ट करू नका, वाकतो. तिथे रंग काढायचं रसायन. शेवटी बंद भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा, पाणी जायची भोकं मोकळी ठेवून.

खाडीकाठ
म्हणजे आधी मापं आणि आधार, मग लाकूड, मग टब उतरवून चेसिस. इंजिन लेथवर असतानाच सुतारकाम चालू ठेवतो. वायरिंग नवीन करताना अर्थ (बॅटरीची चेसिसला जोडलेली बाजू) उलटी करावी का? आणि आरटीओचं?

लेथ_रत्नागिरी
या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीची अधिक बाजू चेसिसला. तशीच ठेवा आणि बॅटरीपाशी ठळक लिहून ठेवा, म्हणजे नवा मिस्त्री उलटी जोडणार नाही.

रंधा
२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी बसत नाही. त्यामुळे दुसरं इंजिन घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चेसिस आणि इंजिनाचे नंबर जुन्या आरसी बुकाशी आत्ताच ताडून घ्या, ब्लास्टिंगच्या आधी, आणि नंबरच्या जागेवर टेप लावा.