३०३ रायफलीच्या जुन्या पितळी पुंगळ्या चिंचेने स्वच्छ करताना गुलाबी झाल्या : मदत हवी आहे

धागाकर्ता

नमस्कार. मी सोलापूरला राहतो. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. बेळगावच्या चांदमारीत त्यांनी एक नेमबाजीची स्पर्धा जिंकली होती आणि त्या दिवशी उडवलेल्या गोळ्यांपैकी अकरा रिकाम्या पुंगळ्या त्यांनी अखेरपर्यंत जपून ठेवल्या. प्रत्येकीच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे आणि ४३ हा आकडा आहे, म्हणजे त्या खडकीच्या कारखान्यात १९४३ साली तयार झालेल्या आहेत. सर्वांच्या टोपीवर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी ज्यावर ठोका बसला की गोळी उडते त्या भागावर, ठोक्याची खूण स्पष्ट दिसते आणि पोलीस ठाण्यात दाखवून त्या रिकाम्या असल्याची नोंदही आम्ही करून घेतली आहे, त्यामुळे त्या बाबतीत शंका नाही.

गावाकडच्या वाड्यातून त्यांची लोखंडी पेटी आणली, तेव्हा पुंगळ्या काळपट झाल्या होत्या आणि काहींच्या तोंडापाशी हिरवा कळंक चढलेला होता. गड्डा यात्रेच्या आधी आमच्याकडे देवाची भांडी चिंच आणि मीठ लावून घासतात, त्याच रिवाजाने आईने चार पुंगळ्या चिंचेच्या कोळात मीठ घालून लोखंडी घमेल्यात रात्रभर भिजत ठेवल्या. सकाळी काळेपणा गेला होता, परंतु पितळेचा पिवळा रंगही गेला होता. चारही पुंगळ्या तांब्यासारख्या गुलाबी झाल्या आणि त्यांपैकी दोघींच्या तोंडाशी केसासारखी बारीक उभी चीर दिसली. आई तेव्हापासून फार कष्टी आहे.

हा गुलाबीपणा घालवता येईल का, त्या चिरा आम्लामुळेच पडल्या का, आणि उरलेल्या सात पुंगळ्यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काय लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एका नातेवाइकांनी अमोनिया असलेले पॉलिश वापरण्याचा सल्ला दिला आहे, त्याबद्दलही मत हवे आहे. पुंगळ्या आरशासारख्या चकचकीत व्हाव्यात अशी आमची इच्छा नाही; बुडावरची अक्षरे शाबूत राहावीत आणि कळंक पुढे वाढू नये, एवढेच हवे आहे.

प्रतिसाद १

अमोनियाचे पॉलिश कृपया लावू नका, हे सर्वांत आधी सांगतो. कारण पुढे येईलच.

काडतुसाच्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असते. आम्लाचे काम वरचा काळा थर, म्हणजे धातूचे ऑक्साइड, विरघळवण्याचे आहे आणि सौम्य आम्लाला त्यासाठी काही मिनिटे पुरतात. त्यानंतरही वस्तू आम्लातच राहिली तर आधी जस्त निघून जाऊ लागते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. आपल्या बाबतीत त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. मिठातील क्लोराइडमुळे आम्लाचा मारा वाढला, आणि घमेल्याचे लोखंड पितळेला टेकलेले असल्यामुळे पाण्यात उतरलेले तांबे पुन्हा पुंगळ्यांवरच बसले. देवाच्या भांड्यांना चिंच लावून आपण लगेच घासून धुतो, म्हणून ती कधी गुलाबी होत नाहीत. दोष चिंचेचा नाही, रात्रभराचा आणि घमेल्याचा आहे. आईंना हे अवश्य सांगा.

बसलेले तांबे अगदी पातळ असते. बारीक खडूची पूड पाण्यात कालवून कापसाने हलक्या हाताने चोळल्यास ते बहुतेक निघेल. रांगोळी, विटकरीची पूड किंवा तारेची घासणी वापरू नये, कारण त्यांनी बुडावरची अक्षरे झिजतील.

उरलेल्या सात पुंगळ्यांना प्रथम आम्ल नव्हे, गरम पाणी द्या. त्या काळच्या ३०३ च्या टोपीत पाऱ्याचे संयुग आणि पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी उडाली की क्लोरेटचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठासारखाच क्षार. तो हवेतील ओल धरतो आणि धातूला आतून खात राहतो. बाहेरून कितीही घासले तरी हा क्षार आत आहे तोवर कळंक परत येत राहील. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्यात मात्र सहज विरघळतो.

त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळते ते, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात विरघळवावे. त्यात पुंगळी पाच मिनिटे ठेवून पाहावी आणि फार तर दहाव्या मिनिटाला काढावी. व्हिनेगरही चालते, परंतु त्याचे प्रमाण आणि वेळ हातात राहणे मला अवघड वाटते. बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुऊन, चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, पुन्हा धुवावे. सोलापुरात बोअरचे पाणी असेल तर शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करावे, नाही तर क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. मग सावलीत पूर्ण वाळवावे.

हातमोजे घाला, आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नका. आतल्या काजळीत शिसे आणि पारा असू शकतो, म्हणून कोरड्या ब्रशने घासून धूळ उडवू नये आणि मुलांना दूर ठेवावे.

आता चिरांविषयी. एका रात्रीच्या चिंचेने अशा चिरा सहसा पडत नाहीत. ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानातच हा अनुभव आला होता: पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळेला तोंडाशी चिरा पडत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम होता; अमोनियाचे पॉलिश नको म्हणालो ते यासाठीच. त्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ साली झाला. पाऱ्यामुळेही पितळ ठिसूळ होते. आपली पेटी इतकी वर्षे कोठे होती?

धागाकर्ता

आपला प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. पेटी तीसएक वर्षे वाड्याच्या माळवदाखाली, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती, आणि मधल्या भिंतीला झरोका आहे. चिरा पडलेल्या दोन्ही पुंगळ्या पेटीत सर्वांत वर होत्या, असे आई म्हणाली.

आणखी एक आठवण यानिमित्ताने वर आली. चांदमारी संपली की रायफलीच्या नळीत आधी उकळते पाणी ओतायचे आणि मगच तेल लावायचे, असे आजोबा नेहमी सांगत. आम्ही ते शिस्तीचे बोलणे समजत होतो; त्यामागे हाच क्षार होता, हे आज कळले.

काल एका पुंगळीवर आपण सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. गरम पाणी तीन वेळा बदलले, पहिले पाणी करडे निघाले. लिंबूफुलात सहा मिनिटे ठेवली. रंग जुन्या समईसारखा मंद पिवळा आला आहे आणि ४३ स्पष्ट वाचता येतो. आता एकच प्रश्न उरतो : चिरलेल्या दोन पुंगळ्यांना खडूची पूड लावावी का?

प्रतिसाद १

त्या दोघींना लावू नये. चोळण्याच्या दाबाने चीर खाली सरकू शकते आणि पूड चिरेत अडकते. गरम पाण्याने धुऊन, नीट वाळवून, त्या गुलाबी आहेत तशाच ठेवाव्यात.