दहा रुपयांखालचे शेअर : सरसकट 'कचरा' म्हणणं मला पटत नाही

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

दहा रुपयांखालच्या शेअरचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं: "कचरा आहे, हात लावू नका." मला हे पटत नाही.

सुझलॉन घ्या. कंपनी पुण्याची, तिच्या पवनचक्क्या आपल्याच साताऱ्या-धुळ्याच्या पठारांवर. 2012 मध्ये तिला विदेशी रोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. मार्च 2020 मध्ये शेअर 2 रुपयांच्याही खाली गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये 5 रुपयांनी राइट्स इश्यू (आधीच्या भागधारकांना नवे शेअर) आणून कंपनीने 1,200 कोटी उभे केले आणि कर्ज उतरवत नेलं. सप्टेंबर 2024 मध्ये शेअर 86 वर. कर्ज किती, ऑर्डर किती मेगावॅटच्या, हे दर तिमाहीला छापून येत होतं. ज्यांनी वाचलं त्यांना मिळालं. त्याला जुगार म्हणणं म्हणजे त्यांच्या अभ्यासाचा अपमान आहे.

दुसरा मुद्दा. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्याच अभ्यासानुसार 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरनी पैसे घालवले, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. पगारातून महिन्याला दोन हजार बाजूला काढणारा मुलगा तिकडे न जाता रोखीने 5 रुपयांचे शेअर घेत असेल, तर त्याचं काय चुकलं? घातले तेवढेच जातील, अंगावर कर्ज तर येणार नाही. आणि एमआरएफ या टायर कंपनीचा लाखाच्या वरचा शेअर त्याने घ्यायचा तरी कसा?

ताळेबंद

कृष्णाकाठ, सुझलॉनचं उदाहरण चांगलं आहे, पण ते पूर्ण सांगा. जानेवारी 2008 मध्ये हाच शेअर साडेचारशेच्या वर होता. तेव्हा कंपनीचे शेअर होते सुमारे 150 कोटी. सप्टेंबर 2024 मध्ये ते होते सुमारे 1,360 कोटी. म्हणजे 86 रुपये भावाला कंपनीची एकूण किंमत झाली 1 लाख 17 हजार कोटी, 2008 च्या शिखरापेक्षा कितीतरी जास्त. कंपनी पूर्वीपेक्षा मोठी झाली आणि 2008 चा भागधारक अजून 80 टक्के तोट्यात! मधल्या काळात कर्जाच्या बदल्यात, प्रेफरेन्शियलने (निवडक लोकांना), राइट्सने, क्यूआयपीने (मोठ्या संस्थांना) नवे शेअर निघत गेले आणि जुन्या माणसाचा हिस्सा पातळ होत गेला.

आता एमआरएफ. त्यांचे एकूण शेअर आहेत साधारण 42 लाख 41 हजार. भाव 1 लाख 30 हजार धरला तर कंपनीची किंमत येते 55 हजार कोटी. व्होडाफोन आयडियाचे शेअर, सरकारने 2025 मध्ये थकबाकीचे शेअरमध्ये रूपांतर केल्यानंतर, 10,800 कोटींच्या वर आहेत. भाव 7 रुपये धरा. किंमत झाली 75 हजार कोटी! नफ्यातली टायर कंपनी 55 हजार कोटींना आणि तोट्यातली दूरसंचार कंपनी 75 हजार कोटींना. यात स्वस्त कोण?

5 रुपयांचा शेअर आणि 500 चा शेअर यांत भाव बघून कुठलाच फरक कळत नाही. एकूण शेअरच्या संख्येने गुणाकार केल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्दच वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

नवा_डीमॅट

पण सर, मोठे गुंतवणूकदार झुनझुनवालांनी टायटन 3 रुपयांनाच घेतला होता ना? आणि एल्सिड तर एका दिवसात साडेतीन रुपयांवरून सव्वादोन लाखांच्या वर गेला. खाद्यतेलवाली रुची सोया 16 वरून दीड हजार. अशा गोष्टी 2,000 रुपयांच्या शेअरमध्ये होत नाहीत.

ताळेबंद

तिन्ही उदाहरणं सगळीकडे फिरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

टायटनने 2011 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचा शेअर 1 रुपयाचा केला (एकाचे दहा) आणि वर एकास एक बोनस, म्हणजे फुकट शेअर, दिला. म्हणजे एकाचे वीस झाले. चार्ट जुने भाव या वीसने भागून दाखवतो, म्हणून आज जिथे 3 रुपये दिसतात, तिथे खरेदी करणाऱ्याने त्या दिवशी 60 च्या आसपास मोजले होते. ती टाटांची चालती कंपनी होती, चिल्लर शेअर नव्हता.

एल्सिड ही मुंबईची गुंतवणूक कंपनी, तिच्याकडे एशियन पेंट्सचा मोठा साठा. 3.53 हा भाव नुसता कागदावर होता, त्या भावाला कोणी विकतच नव्हतं. 29 ऑक्टोबर 2024 ला सेबीच्या नियमानुसार खास लिलाव झाला, त्याला किमतीची मर्यादा नव्हती आणि खरा भाव उघडा पडला. आदल्या दिवशी साडेतीन रुपयांना घेतो म्हणणाऱ्याला शेअर मिळालाच नसता.

रुची सोयाचं दुःख तर वेगळंच. दिवाळखोरीच्या आराखड्यात जुन्या 100 शेअरचा 1 झाला. तीन-साडेतीन रुपयांनी 100 घेतलेल्या माणसाच्या हातात 16-17 रुपयांचा एक शेअर उरला. पुढे भाव दीड हजारावर गेला तेव्हा जनतेकडे जेमतेम 1 टक्का शेअर होते. बाजारात मालच नव्हता.

उपदलाल_सोलापूर

आकडेमोड वर झालीच आहे, मी आमच्या ऑफिसातलं सांगतो. "घातले तेवढेच जातील" हे वाक्य मी रोज ऐकतो. ते खरं आहे, पण पैसे जातात कसे, हे बघितलेलं नसतं.

चिल्लर शेअर वर जाताना रोज 5 टक्क्यांचं अप्पर सर्किट (त्या दिवशीची वरची मर्यादा) लागतं. विकणारा कोणीच नसतो. गिऱ्हाईक सकाळी पावणेनऊला फोन करून सांगतं, रांगेत लावा. आठ दिवस मिळत नाही, त्याची ओढ वाढत जाते. नवव्या दिवशी सगळी ऑर्डर एका फटक्यात भरली जाते. गिऱ्हाईक खूश. माझ्या पोटात त्याच क्षणी गोळा येतो, कारण एवढा माल विकायला अचानक कोण आलं? दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट. स्क्रीनच्या डाव्या बाजूला, खरेदीच्या रकान्यात, पाचही ओळींत शून्य. उजवीकडे विक्रीला लाखो शेअर. रोज 5 टक्के खाली आणि विकता येत नाही. पुढे शेअर ईएसएममध्ये (बाजाराच्या जादा देखरेखीच्या यादीत) गेला की रोजच्या चढ-उताराची पट्टी आणखी अरुंद. गिऱ्हाईकं म्हणतात, स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला आपोआप विक्री) लावून ठेवला होता. समोर घेणाराच नसेल तर स्टॉपलॉस काय करणार?

साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने मार्च 2023 च्या आदेशात हीच पद्धत मांडली आहे. यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी समूह ही कंपनी घेणार. बघून लहान गुंतवणूकदार धावले आणि त्यांच्या गळ्यात माल घालून आधीचे बाहेर पडले.

आणि शुल्क. शेअर विकला की दर कंपनीमागे डीपीचे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्याचे) साधारण पंधरा-वीस रुपये कापले जातात, रक्कम कितीही असो. पाचशे रुपयांची विक्री केली तर तीन-चार टक्के तिथेच गेले.

शारदा_ठाणे

उपदलाल यांचा प्रतिसाद प्रत्येक कॉलेजात वाचून दाखवावा असा आहे.

माझा मुद्दा डीएचएफएलचा, म्हणजे दिवाळखोरीत गेलेल्या गृहकर्ज कंपनीचा. 2018 मध्ये सहाशेच्या वर असलेला शेअर पंधरा-वीस रुपयांवर आला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या किती जणांनी "आता अजून किती पडणार?" म्हणत घेतला! जून 2021 मध्ये एनसीएलटीने (दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधिकरणाने) कंपनी ताब्यात घेण्याची पिरामल समूहाची योजना मंजूर केली. तीत भागधारकांना शून्य, आणि शेअर बाजारातून काढून टाकला. दिवाळखोरीच्या कायद्यात आधी कर्ज देणाऱ्यांचा हक्क, सगळ्यात शेवटी भागधारक. हे सगळं आधीच छापून आलेलं होतं. 15 वरून 0 म्हणजे 600 वरून 0 इतकंच, शंभर टक्के नुकसान. कमी भावाने त्यात काहीच वाचत नाही.

कृष्णाकाठ

ताळेबंद यांचा गुणाकार मला मान्य आहे, मीही तो करतोच. डीएचएफएल आणि सुझलॉन एकाच रांगेत बसवणं मात्र मान्य नाही. एकीकडे प्रकरण एनसीएलटीत, दुसरीकडे कारखाना चालू, ऑर्डर येत आहेत आणि बँका कर्जाची फेररचना करायला तयार. हा फरक सामान्य माणसाला कळू शकतो, त्याला शिकवा. "हात लावू नका" म्हणून तो थांबत नाही, तो गुपचूप टेलिग्रामवर जातो आणि उपदलाल म्हणतात त्या सापळ्यात सापडतो.

येस बँकेचंही तेच. मार्च 2020 च्या पुनर्रचनेत 100 पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं गोठवले. लोक भडकले, मीही भडकलो होतो. पण बँक बुडाली नाही, ठेवी सुरक्षित राहिल्या.

शारदा_ठाणे

ठेवी राहिल्या, भागधारकाचं काय? 2018 मध्ये 400 ला पोचलेला तो शेअर. स्टेट बँकेने पैसे घातले ते 10 रुपये भावाने. तुम्ही कंपनी वाचली म्हणता, मी विचारते की जुन्या माणसाचा पैसा वाचला का.

कृष्णाकाठ

जुन्याचा नाही वाचला, हे खरं. मी बोलतोय तो पडझड झाल्यावर, सगळे आकडे हातात असताना येणाऱ्याबद्दल. त्याच्यासाठी माझं मत तेच आहे: दहा रुपये हा भाव बघून घेऊ नये, तसा तो बघून टाळूही नये.

ताळेबंद

मग आपला वाद बराच कमी झाला. आता ॲपवाल्यांकडे एक मागणी करायला हवी. भाव ठळक अक्षरांत असतो आणि कंपनीचं एकूण मूल्य तीन पानं आत. खरेदीच्या बटणाशेजारीच एकूण मूल्य, प्रवर्तकांचे गहाण शेअर आणि प्रकरण एनसीएलटीत आहे का, एवढं दिसू द्या.

उपदलाल_सोलापूर

ईएसएमचा इशारा येतो की ॲपवर, पिवळ्या पट्टीत. आमच्याकडे येणारी मुलं तो न वाचताच 'पुढे' दाबतात. त्यांना वाचायला मी फोनवर लावतो, मोठ्याने. काही जण ऑर्डर रद्द करतात, काही जण दुसऱ्या ॲपवरून घेतात.