फिल्मचा कॅमेरा अजून चालतो का? विदर्भातल्या गावांकडचे अनुभव सांगा

फिल्म परत येतेय अशी हवा आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा कोरा फिल्म कॅमेरा आणला, ‘पेंटॅक्स १७’. अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. त्याआधी २०२३ च्या शेवटी इंग्लंडच्या हारमनने ‘फिनिक्स’ नावाचा रंगीत रोल काढला. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे ठीक. आपल्याकडे रंगीत रोल एसटीनं नागपूर-अमरावतीला जायचे आणि आठवड्यानं परत यायचे. आता तर रोल म्हटलं की दुकानदार कागदी रोल दाखवतो. तुमच्या घरात, गावात काय उरलंय? ‘गेले ते दिवस’ एवढंच नको. हातानं काय केलं, काय करता, ते लिहा.

दारव्ह्याकडून
माह्या बाबाचा स्टुडिओ होता. लोकं म्हणतात अंधाऱ्या खोलीत जादू होये. राजेहो, जादू कायची, घामाच्या धारा! काळ्या-पांढऱ्या रोलच्या डेव्हलपरले, म्हंजे फोटो उमटवाच्या रसायनाले, पाहिजे २० डिग्री आन् मे महिन्यात टाकीचं पाणी हात पोळे. बाबा बर्फाची लादी आणे, घमेल्यात फोडून टाके आन् त्यात ट्रे ठेवे. बर्फ नसला तं रोल धुवायचा नाई, मंग नवरदेवाचा बाप दारात बसला तरी. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगते, सैल पडते, बोट लागलं का निघून येते. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात, म्हणून काम पहाटेच चाले. कागद ऊटीच्या सरकारी कारखान्याचा, ‘इंदू’. वापरलेला हायपो, म्हंजे फोटो पक्का कराचं रसायन, बाबा कधी फेकत नोहता. फिल्मवरची चांदी त्यात उतरते. कॅनमधी साठवून ठेवे, चांदी काढणारा येऊन घेऊन जाये. आता ट्रेमधी माय गव्हाचं पीठ मळते. कॅमेरा मात्र तिनं कोणाले हात लावू देला नाई.

काटोलहून
वरच्या दादांचं वाचून गंमत वाटली, कारण मी घरी रंगीत रोल धुतो आणि माझं नेमकं उलट आहे. रंगीतला सी-४१ रसायन लागतं, ते चालतं ३८ डिग्रीवर. लोक त्यासाठी हीटर घेतात. मे महिन्यात आमच्या गच्चीवरची टाकी ते फुकटात देते! दुपारी पाणी ३८ च्याही वर जातं, मग माठातलं गार पाणी थोडं थोडं घालून खाली आणायचं. डेव्हलपरला फक्त सव्वातीन मिनिटं, अर्ध्या डिग्रीनंही रंग हलतो. खरी अडचण पाण्याची नाही, रसायनाची आहे. पुड्या कुरियरनं मागवाव्या लागतात, आणि कालवलं की ते महिनोन्‌महिने टिकत नाही. त्यामुळे मी रोल साठवतो आणि एकदमच धुतो.

अकोट
हौसेला मोल नसते हे खरं. पण एका रंगीत रोलच्या पैशात सोयाबीनच्या शेतात एक मजूर दोन दिवस राबते. मी माझा झेनिट कॅमेरा विकला. फोनवर बरे फोटो येतात.

वर्धा
बाबा शाळेत शिक्षक. त्यांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, बडोद्याला तयार झालेला. १२० नंबरचा रुंद रोल, बारा चौकोनी फोटो, सेल नाही, उजेड मोजायचा मीटर नाही. १२० चा रोल आजही निघतो, म्हणून हा डबा आजही चालतो. त्याच्यानंतरचे बॅटरीवाले महागडे कॅमेरे मात्र सर्किट गेलं की पेपरवेट. बाबा मुलांना सेवाग्रामची गोष्ट सांगायचे. बापूंच्या पुतण्याचे पुत्र कनू गांधी यांनी बिर्लांनी दिलेल्या पैशांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा घेतला, आणि बापूंनी अटी घातल्या : फ्लॅश नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रमातून पैसे मिळणार नाहीत. बाबा म्हणायचे, पहिली आणि तिसरी अट मास्तरला आपोआपच लागू आहे.

मी पोळ्याला अजून एक रोल काढते. बैल पोज देत नाहीत, तेवढी दुसरी अटही पाळली जाते.

वडसा
तुम्ही कॅमेऱ्याचं बोलता, मला निगेटिव्हचं बोलायचंय. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे फोटो आमच्या काकांनी वर्षानुवर्षं काढले, रात्रभर मंडपात बसून. दुकान बंद झालं तेव्हा जागा घेणाऱ्यानं निगेटिव्हचे खोके अंगणात काढले. मृग लागलेला. फिल्म फिल्मला चिकटली, काहींवर बुरशीची जाळी. त्यात नट होते तसेच गावातले कितीतरी लोक होते, ज्यांचा दुसरा फोटोच नाही. अजूनही एखादी म्हातारी येते, ‘आमच्या यायचा फोटो हाय का पाय ना बाबू’. जे वाचलं ते मी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंय. काही जण धानात ठेवायला सांगतात; नका ठेवू, धुरळा आणि कोंडा बसतो. नव्या कॅमेऱ्यांचं व्हायचं ते होईल, गावोगावचे हे खोके आधी सांभाळा.

धागाकर्ता
वडसेकर, चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नका. स्वच्छ थंड पाण्यात भिजत ठेवून हळूच सुटतात का पाहा, आधी बिनकामाच्या एका पट्टीवर. सुट्या निगेटिव्हसाठी स्कॅनर नसला तरी चालतं : टॅबवर पांढरा पडदा, त्यापासून बोटभर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर निगेटिव्ह आणि वरून फोन. अंतर ठेवलं नाही तर पडद्याचे ठिपके उमटतात.

आणि दारव्हेकर, आईनं जपलेल्या कॅमेऱ्यात पाऱ्याचा सेल लागत असेल तर तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकतो. मेडिकलमध्ये कानयंत्राचा सेल मागा, तो १.४ च्या आसपास असतो. मागचं झाकण उघडल्यावर उजेड अडवणारा काळा स्पंज डांबरासारखा हाताला लागला तर खरवडून काढा आणि तिथं काळी लोकर चिकटवा.