बाहेरगावी असताना ओळखीच्यांच्या ईमेल कशा आवरता? अनुभव लिहा

निळाई
काल मैत्रिणीचा फोन आला. मोठ्या मुक्कामाला निघाली आहे आणि तिची आतेबहीण तिला दिवसाआड "हे नक्की वाच" पाठवते, तिकडे गेल्यावर काय करू म्हणून विचारत होती. ऐकलं आणि आईच्या ऑपरेशनचे दिवस आठवले. परकं गाव, दवाखान्याचा बाक, टॉवरची एकच कांडी, आणि मी बायॉप्सीच्या रिपोर्टची मेल यायची वाट बघतेय. फोन टिंग वाजला की छातीत धस्स व्हायचं. उघडावं तर बाबांच्या जुन्या सहकारी काकांनी अख्ख्या गोतावळ्याला पाठवलेलं "फॉरवर्ड: फॉरवर्ड: सुंदर विचार", खाली जडशीळ पीपीटी, गोल फिरणारं चक्र आणि अर्ध्यात अडकलेलं गुलाबाचं फूल.

काका माणूस लाखात एक. आईसाठी रोज देवापुढे हात जोडत होते. त्यांना ब्लॉक करायला हात धजावत नाही हो. अनोळखी जाहिरातवाल्याला हाकलता येतं, आपल्या माणसाचं काय करायचं? तुम्ही कसं निभावता ते सांगा, मैत्रिणीला दाखवते.

रानवारा
ब्लॉक नकोच. जीमेलमध्ये ब्लॉक केलं की त्यांचं सगळंच स्पॅममध्ये पडतं आणि ३० दिवसांनी आपोआप उडतं. काकांनी उद्या खरंच कामाचं लिहिलं तर कळणारही नाही.
फिल्टर लावा. पाठवणाऱ्याचा पत्ता टाकायचा, विषयात एफडब्ल्यूडी (म्हणजे फॉरवर्डची खूण), मग "स्किप द इनबॉक्स" आणि एक लेबल. आउटलुकवाल्यांचं नुसतं एफडब्ल्यू असतं, त्याचा वेगळा फिल्टर करा. म्हणजे काकांनी स्वतः लिहिलेली मेल समोर येते आणि ढकललेली बाजूला साठते, सावकाश बघा. मैत्रिणीला सांगा, हे निघायच्या आधीच कर. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, ब्राउझरमधून करावं लागतं, आणि प्रवासात इवल्या स्क्रीनवर ते फार जिकिरीचं होतं.

चाफा
निळाईताई, आई कशा आहेत आता?

निळाई
ठणठणीत गं. आता त्याच काकांना उलट फॉरवर्ड पाठवते ती 😀

दर्यावर्दी
बोटीवर असतो. उपग्रहाचं नेट, तेही सगळ्या क्रूमध्ये वाटून. फोटो जोडलेली मेल आली की जीव जातो. बऱ्याच जणांना माहीत नसतं, जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, कारण ती अक्षरांत रूपांतर होऊन जाते. १५ एमबीचा व्हिडिओ २० चा होऊन येतो.
मी वेगळा पत्ताच काढला. तो फक्त बायकोकडे, आईकडे आणि कंपनीकडे. जुना पत्ता बंदरात लागलो की उघडतो. कुणालाही वाईट वाटलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

उंबरठा
दादा, हे मस्त. पण माझ्या भाच्याने नवा पत्ता एका मेलमध्ये सर्वांदेखत टाकला आणि तिथेही सगळे आले. घरच्यांना आधी बीसीसी (पत्ते एकमेकांना न दिसता पाठवणं) शिकवा!!

गोधडी
मी "बाहेरगावी आहे" असं स्वयंचलित उत्तर लावून बघितलं होतं. मेल कमी व्हायच्या जागी वाढल्या. "कुठे गेलीस? कुणाबरोबर? कळवलं नाहीस?" त्यात ते उत्तर त्याच माणसाला चार दिवसांनी परत जाऊ शकतं, मग पुन्हा चौकशी. आणि घर बंद आहे हे ज्याला त्याला का सांगायचं? फक्त ओळखीच्यांनाच उत्तर जाईल अशी सोय असते, ती तरी निवडाच.

चाफा
आमच्याकडे त्रास "सर्वांना उत्तर" चा. एकाने अभिनंदन लिहिलं की पंचवीस धन्यवाद. म्यूट करते, पुढचे धन्यवाद इनबॉक्समध्ये येतच नाहीत. ते अजून सुरूच आहेत म्हणे.

सांजवेळ
जागा भरते त्याचं कुणी बोललं नाही. जीमेलचे फुकट १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. भरले की नवी मेल यायची बंद, पाठवणाऱ्याला परत जाते. दिरांच्या बाबतीत असंच झालं. मित्रांनी पाठवलेले व्हिडिओ वर्षानुवर्षं साठलेले, त्यात स्वतःचे प्रवासातले फोटो, आणि परतीच्या गाडीची वेळ बदलल्याची मेल पोचलीच नाही. स्टेशनवर जाऊन कळलं. लहान मुलं बरोबर, रात्रभर तिथेच बसले बिचारे. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत लार्जर, कोलन, १०एम टाका, जाडजूड मेल सगळ्या दिसतात. पुसल्यावर ट्रॅशही रिकामा करायचा, नाहीतर जागा सुटत नाही.

रानवारा
सांजवेळ, बापरे, मुलं फार दमली असतील.

पाणवठा
थोडं वेगळं. ओळखीच्या काकांच्या पत्त्यावरून मेल आली, "परदेशात पाकीट चोरीला गेलं, अडकलोय, पैसे पाठव, कुणाला बोलू नकोस". मीही तेव्हा बाहेरच होतो, लांबच्या जागी माणूस कसा गांगरतो हे पुरतं कळत होतं, त्यामुळे पोटात कालवलं. तरी आधी फोन लावला. काका घरी झोपाळ्यावर! खातं कुणीतरी फोडलं होतं. पत्ता ओळखीचा म्हणून मजकूर ओळखीच्याचाच असेल असं धरू नका. आधी आवाज ऐका.

मायेची_मावशी
मी सरळ बोलते बाई. परदेशी मुलीकडे असताना माझ्या नणंदेला लिहिलं, "वन्सं, तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा, ते मी आवडीने वाचीन, बाकीचं नको." दोन दिवस अबोला. मग एक मेल आली, चार ओळींची. गुडघा दुखतोय, मांजरीला पिल्लं झाली, तुझी आठवण येते. नंतर तर लांबलचक पत्रंच यायला लागली. इतक्या वर्षांत तिचं अक्षर असं मनापासून मी वाचलंच नव्हतं. मागितल्याशिवाय कसं मिळणार?

निळाई
मावशी 🙏 हे मैत्रिणीला आधी वाचून दाखवते.

गोधडी
मावशी, पिल्लं किती? कुणाला दिली?

मायेची_मावशी
तीन. एक तिनेच ठेवलं, फार दांडगट आहे.

उंबरठा
जरा विषयांतर, पण मदत करा. पुढच्या आठवड्यात निघतेय. तिकडे दुसरं सिम घालणार, मग मेल उघडताना लागणारा ओटीपी तर या जुन्या नंबरवर येईल ना?

रानवारा
हो, आणि सिम काढलेलं असेल तर मिळणार नाही. गूगल खात्यात ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड काढता येतात, आठ आकड्यांचे दहा. एक कोड एकदाच चालतो. आज रात्रीच काढा.

उंबरठा
लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवते.

दर्यावर्दी
पासपोर्टबरोबर नको ताई. पाकीट गेलं तर दोन्ही जातील. एक प्रत बॅगेत, एक घरी कुणाकडे तरी.